परदेशातील लग्न : पाहुण्यांच्या प्रवासाचा भार यजमानांनी किती उचलावा?

लग्न परदेशात करायचे ठरले की स्थळ, तारीख आणि निमंत्रितांची यादी यांवर घरात भरपूर चर्चा होते. पाहुणे तिथवर पोहोचणार कसे, हा प्रश्न मात्र बराच उशिरा निघतो. तिकिटाचे पैसे कोणी द्यायचे हा याहून वेगळा मुद्दा आहे. पाहुणे स्वखर्चाने येणार असले तरी कोणत्या विमानतळावर उतरावे, किती दिवस आधी निघावे आणि तिकीट कोणत्या अटींवर काढावे हे त्यांना कोणीतरी सांगावेच लागते. आणि सगळा खर्च यजमान करणार असले, तरी पासपोर्टची मुदत तपासण्याचे काम त्या पाहुण्यावाचून कोणी करू शकत नाही. हे काम किती प्रमाणात आपल्याकडे घ्यायचे आणि किती पाहुण्यांवर सोडायचे, हे ठरवू पाहणाऱ्या यजमानांसाठी ही तुलना आहे.

ढोबळमानाने चार मार्ग असतात. पहिल्यात यजमान केवळ माहितीपत्रक देतात आणि तिकीट, खोली, व्हिसा हे सर्व पाहुणे आपापले पाहतात. दुसऱ्यात यजमान एक-दोन हॉटेलांत खोल्या राखून ठेवतात, विमानाचे तिकीट मात्र ज्याचे त्याने काढायचे असते. तिसऱ्यात प्रवासाचे काम एखाद्या ट्रॅव्हल एजंटकडे सोपवले जाते आणि पाहुणे थेट त्याच्याशी बोलतात. चौथ्यात यजमान विमान, खोल्या आणि वाहने अशी सगळी व्यवस्था एकगठ्ठा करून पाहुण्यांच्या हातात तयार कार्यक्रम देतात.

या चार मार्गांकडे पाहताना सहसा आधी दर विचारले जातात. माझ्या मते आधी विचारायची गोष्ट वेगळी आहे : बेत बदलला, तर भुर्दंड कोणाच्या माथी पडणार? काही निमंत्रितांचे येणे ऐन वेळी रद्द होणार, काहींना दोन दिवस आधी परतावे लागणार, एखाद्याचा व्हिसा अडकणार, हे कोणत्याही मोठ्या समारंभात धरूनच चालावे लागते. पहिल्या मार्गात हा भुर्दंड ज्याचा तो सोसतो; चौथ्यात तो जवळपास पूर्णपणे यजमानांवर येतो. मधल्या दोन मार्गांत तो कसा वाटला जाईल, हे करारात काय लिहिले आहे त्यावर ठरते, आणि म्हणूनच ते करार वाचण्यात वेळ घालवणे फायद्याचे ठरते.

विमानाचे तिकीट : गटाने की ज्याचे त्याने?

एकत्र पन्नास तिकिटे घेतली तर घाऊक दराने स्वस्त पडतील, हा समज सर्वत्र आढळतो. विमानाच्या बाबतीत तो अनेकदा चुकीचा ठरतो. एकाच विमानातील, एकाच वर्गाच्या जागा वेगवेगळ्या दरांच्या टप्प्यांत विकल्या जातात आणि सर्वांत स्वस्त टप्प्यात थोड्याच जागा असतात. समजा त्या टप्प्यात चारच जागा उरल्या आहेत आणि आपण एका आरक्षणात आठ मागितल्या, तर संगणक चार स्वस्त आणि चार महाग असे दाखवत नाही. ज्या टप्प्यात आठही जागा मिळतील, त्याचा दर तो सर्वांना लावतो. म्हणजे वेगवेगळी तिकिटे काढणाऱ्या पहिल्या चौघांना जो दर मिळाला असता, तो गटात कोणालाच मिळत नाही.

बहुतेक विमान कंपन्या एकत्र प्रवास करणाऱ्या १० किंवा अधिक प्रवाशांना गट मानतात आणि त्यांच्यासाठी वेगळा विभाग चालवतात. या गट-आरक्षणाचा खरा लाभ दरापेक्षा अटींमध्ये असतो. थोडी अनामत भरून जागा धरता येतात, उरलेली रक्कम नंतर भरता येते, आणि प्रवाशांची नावे शेवटच्या काही आठवड्यांपर्यंत कळवली तरी चालतात. कोण येणार हे अजून पक्के नसताना ही सवलत मोलाची आहे. याउलट, ठरलेल्या मुदतीनंतर गळालेल्या जागांची अनामत बुडते, सर्वांना जाण्या-येण्याच्या ठरावीक तारखा पाळाव्या लागतात, आणि कोणाला परतीत चार दिवस अधिक राहायचे असेल तर ते कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असते.

म्हणून गट-आरक्षण दोन परिस्थितींत घ्यावे, असे माझे मत आहे. लग्नाचे ठिकाण एखाद्या लहान बेटावर असेल आणि तिथे दिवसाला एक-दोनच छोटी विमाने जात असतील, तर जागा मिळणे हाच प्रश्न असतो, दर दुय्यम ठरतो. तसेच एकाच शहरातून निघणाऱ्यांत वृद्ध किंवा प्रथमच परदेशी जाणारे पाहुणे बरेच असतील, तर त्यांना सोबतीने नेण्याला मोल आहे. इतर बाबतीत, विशेषतः पाहुणे चार देशांतून येणार असतील तेव्हा, तिकीट ज्याने त्याने काढणेच सोयीचे आणि बहुधा स्वस्तही पडते. विमान कंपन्या जागांची विक्री साधारण ११ महिने आधी सुरू करतात. तारीख त्याआधी कळवली असेल तर पाहुण्यांना दरांवर लक्ष ठेवायला पुरेसा अवधी मिळतो.

मात्र तिकीट पाहुण्यांवर सोडले म्हणजे सल्ला देण्याचे काम संपत नाही, कारण स्वस्ताच्या मोहात एक घातक चूक हमखास होते. पहिला टप्पा एका कंपनीचा आणि दुसरा दुसऱ्या कंपनीचा, अशी दोन स्वतंत्र तिकिटे काढली, तर पहिले विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरे चुकल्यास दुसरी कंपनी कसलीही जबाबदारी घेत नाही; तिच्या लेखी प्रवासी वेळेवर आला नाही, इतकेच. संपूर्ण प्रवास एकाच आरक्षणात असेल तर पुढच्या विमानात बसवून देणे कंपनीचे काम ठरते. विमान रद्द झाल्यास किंवा फार उशीर झाल्यास युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमनानुसार मिळणारी २५० ते ६०० युरोंची भरपाईही, विमान बदलून होणाऱ्या प्रवासात, एकाच आरक्षणातल्या टप्प्यांना अखेरच्या ठिकाणापर्यंत धरून मोजली जाते. हे नियमन संघातील विमानतळांवरून सुटणाऱ्या सर्व विमानांना, आणि बाहेरून संघात येणाऱ्या संघातील कंपन्यांच्या विमानांना लागू होते. आणखी एक बारकावा असा, की जाण्याचा एखादा टप्पा वापरलाच नाही, तर कंपन्या सहसा त्या आरक्षणातील पुढचे सर्व टप्पे, परतीसह, रद्द करतात. वाटेत नातेवाइकांकडे उतरून पुढे रेल्वेने येण्याचा बेत असणाऱ्यांना हे आधीच सांगावे.

तारखांचा गोंधळ हा त्याहून साधा, पण तितकाच महागात पडणारा प्रकार आहे. १४ तारखेला ००:३० वाजता सुटणाऱ्या विमानासाठी १३ तारखेच्या रात्री विमानतळावर जावे लागते. आणि रात्रभराच्या प्रवासानंतर पोहोचण्याची तारीख बदलते, त्यामुळे हॉटेलची पहिली रात्र चुकीच्या दिवशी घेतली जाते. माहितीपत्रकात ‘निघण्याची तारीख’ न देता ‘अमुक तारखेच्या दुपारपर्यंत तिथे पोहोचलेले असावे’ असे लिहिले, तर निम्मे प्रश्न येतच नाहीत. समारंभाच्या आदल्या दिवशी पोहोचणारे तिकीट कोणालाही सुचवू नये. जवळच्या नातेवाइकांनी तर किमान दोन दिवस आधी यावे.

लग्नातले कपडे आणि दागिने हातातल्या सामानात ठेवण्याचा आग्रह धरावा. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार सामान हरवल्यास किंवा खराब झाल्यास विमान कंपनीची जबाबदारी प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ विशेष आहरण अधिकारांपुरती (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) सीमित आहे. ही सुधारित मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली. मौल्यवान पोशाखांची किंमत याहून सहज जास्त असू शकते, आणि भरपाई मिळाली तरी ती समारंभाच्या दिवसानंतरच मिळणार.

खोल्या : राखून ठेवणे आणि हमी देणे यांतला फरक

दुसऱ्या मार्गाचे सगळे बरे-वाईट खोल्यांच्या करारात आहे. हॉटेल दोन प्रकारे खोल्या राखते. पहिल्या प्रकारात काही खोल्या ठरावीक तारखेपर्यंत ठरलेल्या दराने बाजूला ठेवल्या जातात, पाहुणे त्या स्वतः आरक्षित करतात, आणि उरलेल्या खोल्या त्या तारखेनंतर हॉटेल परत विक्रीला काढते. यजमानांवर देणे लागत नाही. दुसऱ्यात यजमान ठरावीक संख्येची हमी देतात आणि त्या बदल्यात चांगला दर किंवा समारंभाच्या जागेत सवलत मिळते. हमीच्या करारात एकूण संख्येच्या किती टक्के खोल्या भरल्याच पाहिजेत, हे लिहिलेले असते.

हिशेब पाहू. ४० खोल्या ३ रात्रींसाठी म्हणजे १२० खोली-रात्री. करारात ८० टक्क्यांची अट असेल तर किमान ९६ भरल्या पाहिजेत. प्रत्यक्षात ८० च भरल्या, तर उरलेल्या १६ खोली-रात्रींचे पैसे यजमानांनी द्यायचे. आता गोम इथे आहे : काही पाहुण्यांना त्याच हॉटेलातली खोली एखाद्या आरक्षण-संकेतस्थळावर स्वस्त मिळते आणि ते ती तिथून घेतात. ते राहतात त्याच हॉटेलात, पण त्यांच्या खोल्या यजमानांच्या हिशेबात धरल्या जातीलच असे नाही. समारंभाला आलेला प्रत्येक पाहुणा, त्याने खोली कुठूनही घेतली असली तरी, मोजला जाईल असे कलम करारात घालून घ्यावे. चांगली हॉटेले ते मान्य करतात. त्याचबरोबर ठरावीक तारखांना खोल्यांची संख्या थोडी-थोडी कमी करण्याची मुभाही मागावी.

माझा कौल पहिल्या प्रकाराकडे आहे, आणि हॉटेल तयार नसेल तर हमी अपेक्षित संख्येच्या बरीच खाली द्यावी. नंतर खोल्या वाढवून घेणे सहसा जमते. दिलेली हमी कमी करून घेणे फार अवघड असते. मात्र लग्न गर्दीच्या हंगामात असेल आणि त्या भागात हॉटेले मोजकीच असतील, तर हमी न देता काहीच हाती लागणार नाही, हेही लक्षात ठेवावे.

एकाच हॉटेलवर भिस्त ठेवू नये. पाहुण्यांची ऐपत सारखी नसते आणि ती कोणी तोंडाने सांगत नाही. समारंभाच्या हॉटेलाशिवाय जवळपास एक साधे, स्वस्त हॉटेल सुचवलेले असले की पाहुण्याला संकोच न होता निवड करता येते. जेवणखाण आणि सर्व सोयी एकाच दरात देणाऱ्या रिसॉर्टमध्ये मात्र एक अडचण येते : बाहेर राहणाऱ्या पाहुण्याला समारंभासाठी आत येताना दिवसाचे शुल्क भरावे लागू शकते. ते किती, आणि कोण भरणार, हे करार करतानाच विचारून घ्यावे.

एजंट नेमला तर

चांगला एजंट यजमानांच्या डोक्यावरचे ओझे खरोखर कमी करतो. पाहुण्यांचे फोन त्याच्याकडे जातात, विमान रद्द झाले तर रात्री-अपरात्री दुसरी सोय पाहणारे कोणीतरी असते, आणि ज्यांना संगणकावर स्वतः आरक्षण करता येत नाही त्यांची परवड होत नाही. त्याचे उत्पन्न कुठून येते हे मात्र आधी स्पष्ट करून घ्यावे. काही एजंट पाहुण्यांकडून सेवाशुल्क घेतात, काहींना हॉटेलाकडून दलाली मिळते, काही दोन्ही घेतात. दलालीत गैर काही नाही. पण तो ज्या हॉटेलाचा आग्रह धरतो आहे तो पाहुण्यांच्या सोयीसाठी की दलालीसाठी, हे ओळखता यावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे करार कोणाशी होतो. प्रत्येक पाहुणा एजंटाशी स्वतंत्रपणे व्यवहार करत असेल, तर रद्द करण्याचे शुल्क त्या पाहुण्याचे आणि परताव्याची जबाबदारी एजंटाची. यजमानांनी सगळ्यांच्या वतीने सही केली, तर दोन्ही बाजूंनी अडकणारे यजमानच. युरोपीय संघात २०१५/२३०२ या निर्देशानुसार प्रवास आणि मुक्काम एकत्र विकणाऱ्या आयोजकावर संपूर्ण सहलीची जबाबदारी येते आणि तो दिवाळखोर झाल्यास प्रवाशांचे पैसे सुरक्षित ठेवण्याची तजवीज त्याला करावी लागते. अधूनमधून, नफा न घेता, मर्यादित लोकांसाठी केलेली व्यवस्था त्यातून वगळलेली आहे. याचा अर्थ असा, की व्यावसायिक आयोजकाकडून सहल घेणाऱ्या पाहुण्याला जे संरक्षण मिळते, ते यजमानांनी हौसेने जुळवून दिलेल्या सहलीत त्याला मिळत नाही. चौथ्या मार्गाविषयी माझ्या मनात जो किंतु आहे, तो मुख्यतः यामुळे.

व्हिसा : इथे कोणताच मार्ग पूर्ण कामी येत नाही

प्रवेशाचे नियम पाहुणा कुठे राहतो यावर नव्हे, तर त्याच्याकडे कोणत्या देशाचा पासपोर्ट आहे यावर ठरतात. एकाच घरातल्या पती-पत्नींना वेगवेगळे नियम लागू शकतात. म्हणून माहितीपत्रकात ‘व्हिसा लागत नाही’ असे सरसकट लिहिणे धोक्याचे आहे. नियम कोणत्या सरकारी संकेतस्थळावर पाहावेत एवढेच सांगावे.

उदाहरणादाखल शेंगेन क्षेत्र, म्हणजे आपसांतल्या सीमांवर सहसा तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा समूह, घेऊ. तिथे अल्पमुदतीच्या मुक्कामासाठी पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला असावा लागतो आणि त्या क्षेत्रातून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध असावा लागतो. व्हिसा लागणाऱ्यांना अर्ज प्रवासाच्या ६ महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही आणि १५ दिवसांपेक्षा उशिरा करू नये, असा नियम आहे. निर्णय सहसा १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. लग्नाला जोडून दोन-तीन देश पाहून येण्याचा बेत असणाऱ्यांनी अर्ज जिथे मुख्य मुक्काम किंवा मुख्य हेतू असेल त्या देशाकडे करायचा असतो. लग्न एका देशात तीन दिवस आणि भटकंती दुसऱ्या देशात आठ दिवस असेल तर कोणाकडे अर्ज करायचा, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारून घेतलेले बरे. इतर अनेक देश पासपोर्ट ६ महिने वैध असावा असा आग्रह धरतात, त्यामुळे सर्वच पाहुण्यांना सहा महिन्यांचा हिशेब सांगणे सुरक्षित असते.

वाटेत विमान बदलण्याचा देश विसरला जातो. अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले तरी बहुतेक परदेशी प्रवाशांना व्हिसा किंवा पूर्वपरवानगी लागते. स्वस्त तिकीट म्हणून लांबचा फेरा घेणाऱ्या पाहुण्याला हे विमानतळावर कळले, तर लग्न चुकलेच.

यजमानांच्या हातात इथे एवढेच आहे : निमंत्रणपत्र वेळेवर देणे. त्यात पाहुण्याचे पासपोर्टावरील नाव, नाते, समारंभाचे ठिकाण आणि तारखा, आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहिलेले असावे. त्याने अर्जाला बळ मिळते, हमी मिळत नाही. त्यामुळे व्हिसा लागणाऱ्या पाहुण्यांनी परतावा मिळणारे तिकीट आणि रद्द करता येणारी खोली घ्यावी, थोडी महाग पडली तरी. एका पालकासोबत येणाऱ्या मुलांसाठी दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र बहुतेक ठिकाणी विचारले जाऊ शकते. पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागणाऱ्या देशात लग्न असेल तर ती लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. नेहमीची औषधेही तपासावीत : जपानसारख्या देशात सर्दीवरील काही साधी औषधेसुद्धा नेता येत नाहीत.

मग कोणी कोणता मार्ग घ्यावा?

पाहुणे पंधरा-वीस असतील आणि बहुतेक सगळे सराईत प्रवासी असतील, तर माहितीपत्रक आणि शंकांना उत्तर देणारी घरातली एक व्यक्ती पुरेशी आहे. ती व्यक्ती वधू किंवा वर नसावी. त्यांना त्या महिन्यांत इतर कामे पुष्कळ असतात. पाहुणे अनेक देशांतून येणार असतील, संख्या मोठी असेल आणि खर्च ज्याचा तो करणार असेल, तर दुसरा मार्ग, म्हणजे खोल्या राखणे आणि तिकीट पाहुण्यांवर सोडणे, मला सर्वांत समतोल वाटतो. एकाच शहरातून मोठे वऱ्हाड निघणार असेल आणि त्यात वयस्कर मंडळी बरीच असतील, तर त्या गटापुरता एजंट नेमावा आणि उरलेल्यांना मोकळे सोडावे. सर्वांना एकच मार्ग लावलाच पाहिजे असे नाही. चौथा मार्ग सगळा खर्च यजमान करणार असतील तेव्हाच विचारात घ्यावा, आणि तेव्हाही तो व्यावसायिक आयोजकामार्फत.

खर्चाबाबत अर्धवट बोलणे हा मात्र कोणत्याही मार्गात सर्वांत वाईट प्रकार आहे. ‘राहण्याची सोय आमच्याकडे, विमानाचे तिकीट आपले’ हे एक वाक्य निमंत्रणासोबत स्पष्ट लिहिले की पाहुण्याला नाही म्हणायलाही सोपे जाते. काही जण येणार नाहीत, आणि ते त्यांनी लवकर कळवणे खोल्यांच्या करारासाठी फायद्याचेच असते.

प्रवास विमा पाहुण्यांनी पहिले पैसे भरले त्याच दिवशी घ्यावा, कारण त्यानंतर उद्भवलेल्या आजारपणाचे संरक्षण त्यामुळे मिळते. आधीपासूनचे आजार जाहीर केले नाहीत तर दावा फेटाळला जाऊ शकतो. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही : लग्नच पुढे ढकलले गेले, तर ‘समारंभ रद्द झाला’ हे कारण सर्वसाधारण प्रवास विम्यात सहसा बसत नाही, आणि यजमानांनी समारंभासाठी घेतलेला विमा पाहुण्यांच्या तिकिटांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून स्थळाच्या करारावर सही होऊन अनामत भरली जाईपर्यंत पाहुण्यांना तारीख केवळ राखून ठेवायला सांगावी, आणि तिकीट काढा असा निरोप त्यानंतरच, लेखी, सर्वांना एकाच दिवशी पाठवावा.